समुद्र नसलेलं बेट

पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पाटणबोरीनंतर थोड्याच वेळात पैनगंगेचा पूल येतो. उन्हाळ्यात खाली पाहिलं तर वाळूच जास्त, मधूनमधून एखादा डोह, त्यात डुंबणाऱ्या म्हशी. पुलाच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, एवढाच काय तो फरक. माती तीच काळी, पऱ्हाटी तीच, बांधावरचा पळसही तोच. चहावाल्याला मराठीत विचारलं तर उत्तर बहुधा मराठीतच येतं. तिथून तसंच दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटर गेलं, निर्मलचा घाट उतरला, की सोन गावाजवळ दुसरा मोठा पूल लागतो. खाली गोदावरी. या दोन पुलांच्या मध्ये आपण एक अख्खं बेट ओलांडून आलेलो असतो. गाडीतल्या कुणाच्या ते ध्यानीमनीही नसतं.

बेट म्हटल्यावर भुवया उंचावणं साहजिक आहे. इथून कुठल्याही समुद्राला जायचं तर साडेचारशे किलोमीटरच्या वर प्रवास आहे. पण नकाशा समोर घ्या आणि निळ्या रेघेवर बोट ठेवा. पैनगंगा बुलडाण्याच्या अजिंठा डोंगररांगेत उगवते, आग्नेयेकडे वाहत येते आणि यवतमाळ-आदिलाबादची शीव आखत पुढे वर्धेला मिळते. वर्धा येते थेट मध्य प्रदेशातल्या बैतुलच्या बाजूने. पुढे ती वैनगंगेला भेटते आणि दोघी आपापली नावं टाकून प्राणहिता होतात. प्राणहिता दक्षिणेला वाहत सिरोंचा-काळेश्वरजवळ गोदावरीत शिरते. बोट आता गोदावरीवरून उलटं, पश्चिमेकडे सरकवा: मंचेरियाल, सोन, बासर. उत्तरेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी. तीन बाजू पाण्याने बांधलेल्या. उघडी राहते ती फक्त पश्चिम, नांदेडकडची. पैनगंगेकाठच्या किनवटपासून गोदावरीकाठच्या बासरपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती शंभर किलोमीटरसुद्धा भरत नाही.

भूगोलाचे मास्तर म्हणतील, अहो, याला फार तर दुआब म्हणा. पण नावांच्या बाबतीत ग्रीक लोक आपल्यापेक्षा दिलदार होते. त्यांच्या देशाचा दक्षिणेकडचा मोठा भूभाग जेमतेम सहा किलोमीटर रुंदीच्या पट्टीने मुख्य भूमीला चिकटलेला होता, तरी त्याला त्यांनी पेलोपोनीस म्हटलं, म्हणजे पेलोप्सचं बेट. ती पट्टी कापून कालवा व्हायला १८९३ साल उजाडलं, तोवर नाव हजारो वर्षं जुनं झालं होतं. त्यांच्याकडे अस्सल बेटंही आहेतच. अथेन्सच्या पिरिअस बंदरासमोर, हाकेच्या अंतरावर म्हणावं असं सलामिस आहे. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी आरमार त्याच्या चिंचोळ्या खाडीत शिरलं, जहाजांना वळायला जागा उरली नाही आणि ग्रीसचं नशीब तिथे ठरलं. त्या मानाने आपल्या पैनगंगेने फारशा लढाया पाहिल्या नाहीत. पण कुणाचा अंमल कुठे संपतो हे तिनेही ठरवलंच. निजामाचं राज्य नद्यांच्या आत, पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, वर्धा-प्राणहितेपलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत. सध्याच्या आदिलाबादसह मंचेरियाल, निर्मल, आसिफाबाद आणि महाराष्ट्रातले राजुरा, किनवट हे सगळं तेव्हा एकाच जिल्ह्यात होतं. त्या जिल्ह्याचा आकार माणसाने नव्हे, पाण्याने कापलेला होता.

मधली जमीन सपाट नाही. सातमाळ्याची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे तिरकी पसरली आहे, आणि तिच्या माथ्यावर उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर, केरामेरी असा उंच मुलूख आहे. इथे पडलेल्या पावसाचा एक खेळ मला फार आवडतो. समजा, एका पाणलोटावर दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक कडम नदीत गेला, कुंतालाला ४५ मीटर खोल उडी मारून दक्षिणेला धावला आणि सरळ गोदावरीत पोचला. दुसरा उत्तरेच्या उतारावर घरंगळला, सातनाल्यात शिरला, मग पैनगंगा, मग वर्धा, मग प्राणहिता असा अख्ख्या बेटाला वळसा घालून निघाला. पण जायचं कुठे? त्यालाही काळेश्वरला गोदावरीच गाठायची आहे. वीतभर अंतरावर पडलेले दोन सोबती शेकडो किलोमीटर वेगळे भटकून एकाच घाटावर भेटतात.

असं का झालं, याचं उत्तर खाली दगडात आहे. ते समजलं तेव्हा मी काही वेळ नुसता गप्प बसलो होतो.

आदिलाबाद शहराच्या आसपास, पैनगंगेच्या बाजूला, पातळ पातळ थरांचा चुनखडक आहे, करडा आणि कुठे कुठे गुलाबीसर. भूवैज्ञानिकांनी त्याला नावच पैनगंगा गट असं दिलंय. हा खडक समुद्राच्या तळाशी साचलेला आहे, आणि तोही उथळ किनाऱ्याशी नव्हे, खोल पाण्यात. थरांमध्ये मँगनीजचे पट्टे आहेत, ते त्याच तळाची साक्ष देतात. वय सुमारे शंभर कोटी वर्षं किंवा त्याहून जास्त. तेव्हा पृथ्वीवर मासा नव्हता, झाड नव्हतं, गवताचं पातंही नव्हतं. म्हणजे ‘समुद्र नसलेलं बेट’ हे मी वर दिलेलं नाव थोडं चुकलंच. समुद्र इथे होता, फक्त आपल्याला यायला फार उशीर झाला. कोरपना-गडचांदूरच्या बाजूचे सिमेंट कारखाने हाच चुनखडक फोडतात. विदर्भातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये हा समुद्र कालवलेला आहे, आणि वर आपण पापड वाळत घालतो.

समुद्र गेल्यावर पुष्कळ काळाने जमीन ताणली गेली आणि तिला एक लांब भेग पडली. वर्धेच्या खोऱ्यातून प्राणहिता आणि गोदावरीच्या बाजूने आग्नेयेकडे जाणारी ही खचदरी. तिच्यात दलदली झाल्या, जंगलं वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. घुग्घुस, बल्लारपूर, राजुऱ्याजवळचं सास्ती, नदीच्या खालच्या अंगाला बेल्लमपल्ली, मंचेरियाल: खाणींची ही ठिकाणं नकाशावर टिंबांनी जोडा, भेग आपोआप उमटते. बेटाची पूर्वेकडची नदी त्या बाजूने का वाहते, याचं कोडं इथे सुटतं. पाणी नेहमी जुन्या जखमेची वाट धरतं.

याच दरीत, प्राणहितेच्या पश्चिम काठावर यामनपल्ली नावाचं गाव आहे. तिथल्या खडकात एका प्रचंड डायनासोरची हाडं सापडली. सुमारे नऊ मीटर लांब, लांब मानेचा, पाला खाणारा प्राणी. त्याचं नाव ठेवलं कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस. नावातलं कोटा हे नदीपलीकडचं, सिरोंच्याच्या बाजूचं गाव. त्याच्यावरून या खडकथराला नाव मिळालं आणि थरावरून प्राण्याला. एकाच प्राण्याच्या नावात महाराष्ट्राचं गाव आणि तेलंगणाचं गाव असे दोघे नांदतात, भांडण नाही, तंटा नाही. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना हे गावांचं सांगा. लॅटिन नाव ऐकून कंटाळलेली मुलं गावाच्या नावाला डोळे मोठे करतात.

आणि मग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून लाव्हा आला. सह्याद्री ज्याने घडला तोच हा काळा दगड, इथे त्याची चादर विरळ होत होत संपते. समुद्राच्या तळावर, जुन्या खडकांवर तो थरांनी पसरला, थंड झाला, पावसाने कुजला आणि त्याची काळी माती झाली. निर्मलकडे घाट उतरलात की तो मागे राहतो आणि तेलंगणाचा जुना, दाणेदार, लालसर खडक सुरू होतो. या एका उतारावर मी दोनदा थांबलो आहे. वर काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी, विहिरी. खाली लालसर जमीन, भात आणि तळी. लालसर खडकाच्या मुलखात पाणी अडवून तळं करायचं आणि त्याखाली भात लावायचा, हा तेलंगणाचा शेकडो वर्षांचा रिवाज. काळ्या मातीत पावसाळ्यानंतरही ओल टिकते, म्हणून तिथे तळ्यावाचून पीक उभं राहतं. गाव कुठे वसायचं, काय खायचं, बैल किती ठेवायचे, याचा पहिला निर्णय दगडाने घेतला.

भाषेचाही? असं म्हणणारे आहेत की जिथवर काळा दगड तिथवर मराठी. मोह होतो खरा, विशेषतः त्या घाटात उभं राहिल्यावर. पण ही गोष्ट फार ताणली की फाटते. गडचिरोलीत मराठी आहे आणि काळा दगड नावापुरता, तळकोकणात जांभा आहे आणि मराठी अस्सल. आदिलाबादच्या बेटावर मात्र हे गणित बऱ्यापैकी जमतं. पैनगंगेकाठच्या बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या पट्ट्यात मराठी घराघरात आहे. गोदावरीकाठी तेलुगू. आणि मधल्या उंचवट्यावर? तिथे या दोन्ही भाषांहून आधीची माणसं आहेत.

गावांच्या नावांवरून नुसती नजर फिरवली तरी कळतं. सपाटीवर शेवट ‘गाव’ने किंवा ‘पल्ली’ने होतो. डोंगरात शिरलं की गूडे सुरू होतात, मुकादमगूडा, महाराजगूडा. गूडा म्हणजे आदिवासींचा पाडा. लंबाड्यांचे तांडे वेगळे. शब्दांची उसनवारीही इतकी मजेची आहे: तलमडुगू, कलमडुगू या नावांतला मडुगू म्हणजे तेलुगूत डोह. पाहा, गाव वसवणाऱ्याने नावातच सांगून ठेवलं की उन्हाळ्यात पाणी कुठे मिळेल. आणि कारखान्याने वसवलेलं कागजनगर! तिथली कागदाची गिरणी इतकी मोठी की गावाने जुनं नाव सोडून तिचंच घेतलं. खुद्द आदिलाबादचं जुनं नाव एदलाबाद, आदिलशहावरून पडलं असं सांगतात. आपल्या जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगरही पूर्वी एदलाबादच होतं. दोन एदलाबादांपैकी एकाला मुक्ताई भेटली.

डोंगरावरचे मुख्य रहिवासी म्हणजे गोंड, स्वतःला कोया म्हणवणारे. त्यांच्या शेजारी कोलाम, ज्यांची कोलामी ही गोंडीची चुलत बहीण पण वेगळी भाषा. नाईकपोड, थोटी, आंध. आणि परधान, ज्यांच्याबद्दल वाचून मी थक्क झालो. परधान हे गोंडांचे भाट. गोंडांच्या कुळकथा, देवांच्या कथा त्यांच्या तोंडी असतात. हातात तीन तारांची किकरी घेऊन ते त्या गोंडीत गातात, पण इथल्या पुष्कळ परधानांच्या घरात बोलली जाते ती मराठी. एका जमातीची सगळी स्मृती दुसऱ्या जमातीने सांभाळायची, आणि तीही घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत! आपल्याकडे घरच्यांचंच घरच्यांना आठवत नाही.

ही स्मृती फक्त तोंडी होती असं फार दिवस समजत होते. मग २००६ च्या सुमारास नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांकडे हैदराबाद विद्यापीठातल्या अभ्यासकांचं लक्ष गेलं. त्यातली लिपी देवनागरी नव्हती, तेलुगूही नव्हती. गोंडी लिहिण्याची स्वतंत्र लिपी, आणि गावातल्या मोजक्या म्हाताऱ्यांना ती अजून वाचता येत होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते कागद कुणालाच न उलगडणाऱ्या नक्षीसारखे उरले असते. २०१८ मध्ये गुंजाळा गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. डोंगरातल्या एका गावाचं नाव जगातल्या संगणकांच्या अक्षरसूचीत गेलं. मला तर हे कुठल्याही राजधानीच्या गौरवापेक्षा मोठं वाटतं.

या मुलखाचे बाहेरून आलेले वाचकही थोर होते. १९४० मध्ये केरामेरीच्या डोंगरात, जोडेघाटला, जंगलजमिनीच्या हक्कासाठी लढणारा कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. त्यानंतर हा डोंगर का पेटला हे समजून घ्यायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो आणि त्याची बायको बेट्टी मार्लवाई नावाच्या गोंड गावात झोपडी बांधून राहिले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, आणि गोंडीची पाठ्यपुस्तकं छापली गेली ती देवनागरीत. थोडं शिकलेल्या तरुणांना जी लिपी आधीच येत होती ती मराठीची होती. त्या दोघांची समाधी आज मार्लवाईतच आहे. हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत असलेले आपले सेतुमाधवराव पगडीही इथे रमले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. पण आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गोंडीचं आणि कोलामीचं व्याकरण रचलं, हे किती जणांना माहीत आहे? जिल्ह्याचा कारभार पाहता पाहता रयतेच्या भाषेचं व्याकरण लिहिणारा अधिकारी आज दिवा घेऊन शोधावा लागेल.

१९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली आणि पाण्याने कापलेला हा तुकडा पहिल्यांदा कागदावर कापला गेला. किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, दोन्ही आधी नांदेडात. राजुरा पुढे १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणाने उरलेल्या जिल्ह्याचे चार केले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. आता आदिलाबाद म्हणून जो जिल्हा उरलाय तो बेटाचा वायव्य कोपरा, जेमतेम चार हजार चौरस किलोमीटरचा.

नद्या सोडून रेघ डोंगरात शिरली की काय होतं, ते जिवती तालुक्याच्या कडेला पाहावं. तिथे चौदा गावं अशी आहेत की ज्यांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. परमडोली, अंतापूर, महाराजगूडा, लेंडीजाळा... दोन राज्यांच्या शाळा, दोन रेशनकार्डं, दोन मतदारयाद्यांत नावं. वर्तमानपत्रवाले दर निवडणुकीला तिथे जाऊन गंमत म्हणून लिहितात. गंमत वाटते ती दुरून. जमिनीचा पट्टा कुणी द्यायचा हे ठरत नाही तोवर दोन सरकारं असणं म्हणजे अर्धं सरकार असण्यासारखं आहे. याच भागात जंगुबाईचं गुहेतलं ठाणं आहे. पौषात तिथे दोन्ही राज्यांतली गोंड कुळं जमतात. देवीला भेटायला येताना सीमा ओलांडली असं त्यांना सांगितलं तर ती विचारतील, कुठली?

पण बेटाचं बेटपण कुणी जपलं असेल तर ते मेसराम कुळाने. आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूर आहे. तिथे पौष अमावस्येच्या रात्री नागोबाची जत्रा सुरू होते. देव मेसरामांचा, आणि त्याच्या अभिषेकाला पाणी लागतं गोदावरीचं. गावात तळं आहे, विहिरी आहेत, ओढे आहेत, ते चालत नाहीत. म्हणून जत्रेच्या कितीतरी दिवस आधी मेसराम मंडळी पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, पितळी झारी घेऊन निघतात. डोंगरमाथ्यावरून उतरत, एकेका गूड्यात मुक्काम करत, जन्नारमच्या बाजूला कलमडुगूजवळच्या हस्तिनमडुगूला पोचतात. तोच मडुगू, तोच डोह. तिथे गोदावरीत झारी भरतात आणि मागे फिरतात. बेटाच्या मधोमध राहणारे लोक किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन आपल्या हद्दीचं पाणी घरी आणतात, असं मी त्याच्याकडे पाहतो. हे माझं पाहणं. त्यांना विचाराल तर ते म्हणतील, देवाला पाणी लागतं.

या जत्रेत एक दरबारही भरतो. हायमेनडॉर्फच्या काळात सुरू झालेला, अधिकाऱ्यांनी आदिवासींची गाऱ्हाणी त्यांच्या दारात येऊन ऐकायचा. जमिनीची गाऱ्हाणी तेव्हाही होती, आजही आहेत. जवळच्या इंद्रवेल्लीत २० एप्रिल १९८१ रोजी मेळाव्याला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्याचा स्तंभ रस्त्यावरून दिसतो. झारी घेऊन परतणारे मेसराम याच इंद्रवेल्लीत इंद्रादेवीला नमस्कार करून पुढे जातात.

केसलापूरला पोचल्यावर ते लगेच देवळात जात नाहीत. गावाबाहेरच्या वडांखाली उतरतात. बैलबंड्या सोडल्या जातात, बायका चुली मांडतात. सिरिकोंड्याच्या कुंभारांनी यासाठी म्हणून घडवलेली मडकी आलेली असतात. कुळात लग्न होऊन नव्याने आलेल्या सुना पांढऱ्या साड्या नेसून बसतात. त्यांची देवाशी ‘भेटिंग’ व्हायची असते, म्हणजे वडीलधाऱ्या बायका एकेकीला नेऊन नागोबाला सांगणार, ही आपल्यात आली. त्याशिवाय ती पुरती मेसराम होत नाही. पौषातली थंडी इथे बोचरी असते, पारा कधी कधी पाच अंशांपर्यंत उतरतो. शेकोट्यांभोवती परधानांच्या किकरीचा आवाज चालू राहतो, कथा गोंडीत, मधलं बोलणं मराठीत, चहा विकणारा तेलुगूत. मध्यरात्रीच्या सुमारास वडाखालची माणसं उठतात, झारी उचलतात आणि देवळाकडे चालू लागतात.